जखमींचा तंबू

मदिनेत एकदा हजरत उमर (रजि.) शहरातील स्त्रियांना चादरी वाटत होते. वाटप संपले आणि एक चांगली, उंची चादर शिल्लक राहिली. जवळ बसलेल्यांनी सुचवले की ही आता घरीच द्यावी, म्हणजे त्यांच्या पत्नी हजरत उम्मे कुलसूम (रजि.) यांना. त्या हजरत अली (रजि.) यांच्या कन्या, प्रेषितांच्या (सल्ल.) नात. सूचना काही वावगी नव्हती. पण हजरत उमर (रजि.) म्हणाले, या चादरीवर उम्मे सलीत (रजि.) यांचा हक्क जास्त आहे. कारण काय, तर उहुदच्या दिवशी त्या बाई लढणाऱ्यांसाठी पाण्याच्या मशका वाहत होत्या.

सहीह बुखारीत ही हकिकत आहे. उहुदची लढाई हिजरी सन ३ मधली आणि हजरत उमर (रजि.) खलिफा झाले हिजरी १३ मध्ये. म्हणजे मधे नऊ-दहा वर्षे गेली होती. तेवढ्या काळात लढाया झाल्या, मोठमोठे विजय मिळाले, अनेक वीरांची नावे गाजली. तरी एका अन्सारी बाईने उचललेल्या पाण्याचा हिशेब राज्यकर्त्याच्या मनात तसाच राहिला होता. युद्धाच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो तेव्हा तलवारी सांगतो, घोडे सांगतो. मशका सहसा सांगत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही त्यांच्याविषयीच लिहायचे ठरवले : जे रणांगणावर गेले, पण मारायला नव्हे.

उहुदच्या मैदानात त्या दिवशी काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. जिंकत आलेली लढाई हातून निसटली, प्रेषितांचा (सल्ल.) चेहरा जखमी झाला, दात तुटला, डोक्यावरचे शिरस्त्राण फुटले. पुढचा प्रसंग मात्र आपण भरभर वाचून जातो. हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी आणत होते आणि हजरत फातिमा (रजि.) वडिलांची जखम धूत होत्या. पाण्याने रक्त थांबेना, उलट वाढू लागले. तेव्हा त्यांनी चटईचा एक तुकडा जाळला आणि त्याची राख जखमेवर दाबली. रक्त थांबले.

आज कोणी जखमेवर राख लावू नये, हे आधी सांगून टाकतो. आपल्या खेड्यापाड्यांत हळद, चुना आणि राखेचे प्रयोग अजून चालतात आणि त्यातून जखमा चिघळतात. आम्हाला त्या प्रसंगात दिसते ती वेगळीच गोष्ट. समोर स्वतःचे वडील रक्ताळलेले आहेत, आजूबाजूला पळापळ आहे, प्रेषित मारले गेल्याची अफवा उठून गेलेली आहे. अशा वेळी ती मुलगी जखमेकडे बघते, आपला उपाय चालत नाही हे ओळखते आणि हाताशी जे आहे त्यातून दुसरा उपाय करते. युद्धात मलमपट्टी करणाऱ्याचे सारे कसब एवढ्यात येते. डोके थंड ठेवायचे आणि हात थांबू द्यायचे नाहीत.

त्याच दिवशी हजरत आयेशा (रजि.) आणि हजरत उम्मे सुलैम (रजि.) पाठीवर मशका घेऊन धावत होत्या. जखमींच्या तोंडात पाणी ओतायचे, मशक रिकामी झाली की पुन्हा भरून आणायची. रक्त गेलेल्या माणसाला सर्वांत आधी तहान छळते, म्हणून पाणी हेच तिथले पहिले औषध होते. हजरत रुबय्यि (रजि.) यांनी पुढे सांगितले आहे की आम्ही प्रेषितांसोबत (सल्ल.) मोहिमांवर जात असू, लोकांना पाणी देत असू, जखमींची शुश्रूषा करत असू आणि मृतांना व जखमींना मदिनेला परत पोहोचवत असू. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) तर सात मोहिमांवर गेल्या. तळावर राहून स्वयंपाक करायचा, जखमींना मलमपट्टी करायची, आजाऱ्यांकडे बघायचे हे त्यांचे काम. ही सगळी इज्जतदार घरांतली, ओळखीच्या कुटुंबांतली माणसे होती. कोणी नाइलाजाने आलेले नव्हते.

आणि मग रुफैदा (रजि.). अस्लम कबिल्यातल्या या बाईंविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते आणि त्यात हौसेने भर घातलेलीही बरीच आहे. जुन्या ग्रंथांत त्यांच्याबद्दल मोजक्याच ओळी आहेत, पण त्या पुरेशा आहेत. हिजरी ५ मध्ये खंदकाच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताची मोठी शीर बाणाने तुटली. त्यांना रुफैदा यांच्या तंबूत ठेवण्यात आले. त्या जखमींवर उपचार करत आणि ज्यांचे बघणारे कोणी नाही त्यांची खिदमत स्वतःहून करत. हा तंबू होता कुठे? मस्जिदे नबवीत. प्रेषित (सल्ल.) जाता-येता सकाळ-संध्याकाळ सअद यांची विचारपूस करत.

सअद वाचले नाहीत. जखमेला डाग देऊन रक्त थांबवले गेले, पण काही दिवसांनी ती पुन्हा फुटली. मस्जिदीतच बनू गिफारच्या लोकांचा तंबू होता. रक्त वाहत त्यांच्याकडे आले तेव्हा ते घाबरून विचारू लागले की हे तुमच्याकडून काय येत आहे? हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. रुफैदांचे नाव आपण कौतुकाने घेतो, पण त्यांचा तंबू म्हणजे फक्त बऱ्या होणाऱ्यांचा तंबू नव्हता. तिथे रक्त होते, वास होता, रात्रभरची जागरणे होती आणि एवढे करूनही काही माणसे हातची जात होती. मस्जिदीच्या आवारात या सगळ्याला जागा दिली गेली होती.

आता तेराशे वर्षे ओलांडून आपल्या मुंबई बंदरावर येऊ.

१९१२ च्या ऑक्टोबरात बाल्कन राष्ट्रांनी तुर्कस्तानवर युद्ध पुकारले. महिन्याभरात उस्मानी फौजा हरत हरत राजधानी इस्तंबूलच्या दारापर्यंत, चतालजाच्या मोर्च्यापर्यंत मागे आल्या. तिथे त्यांनी पाय रोवले, पण पटकी पसरली. मोर्च्यावरून आणलेल्या पटकीच्या रुग्णांनी इस्तंबूलमधल्या जागा भरल्या. आया सोफियाच्या मस्जिदीतही रुग्ण ठेवावे लागले.

हिंदुस्थानात मौलाना मुहम्मद अली यांच्या ‘कॉम्रेड’ या पत्राने मदतीची हाक दिली. बायकांनी दागिने काढून दिले, अलीगडच्या विद्यार्थ्यांनी जेवणाच्या खर्चात काटकसर करून पैसे जमवले. या पैशातून एक वैद्यकीय पथक उभे राहिले. प्रमुख होते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. गाझीपूर जिल्ह्यातल्या युसुफपूरचे अन्सारी एडिंबरोत शिकलेले, लंडनच्या रुग्णालयांत काम केलेले शल्यविशारद. वय ३२. डिसेंबर १९१२ मध्ये सुमारे दोन डझन लोकांचे हे पथक मुंबईहून जहाजाने निघाले. मुंबईच्या रेड क्रेसेंट मंडळींनीही आपले वेगळे पथक पाठवले होते.

या दोन डझनांत डॉक्टर मोजकेच होते. बाकीचे होते ड्रेसर आणि मदतनीस, म्हणजे जखम धुणारे, पट्टी बांधणारे, स्ट्रेचर उचलणारे, रात्री पहारा देणारे. यातले बरेच जण अलीगडचे तरुण होते. चौधरी खलीकुज्जमां, अब्दुर रहमान सिद्दिकी, शुऐब कुरैशी ही नावे पुढे राजकारणात गाजली. पण त्या थंडीत ती विशी-बाविशीची पोरे होती आणि वैद्यकशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. पेशावरच्या एका सधन घरातला अब्दुर रहमान नावाचा विद्यार्थी तर स्वतःच्या वस्तू विकून पथकात सामील झाला.

त्यांनी चतालजाच्या मोर्च्यामागे ओमेरली गावी तंबूंचे रुग्णालय थाटले. ते पोहोचले तेव्हा तात्पुरता युद्धविराम होता. ३ फेब्रुवारी १९१३ ला लढाई पुन्हा पेटली. त्या काळात प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. गोळीची जखम मातीने, कपड्याच्या धाग्यांनी खराब व्हायची आणि पू झाला की हात किंवा पाय कापायची वेळ यायची. म्हणून जखम किती लवकर आणि किती स्वच्छ धुतली जाते, पट्टी किती वेळा बदलली जाते, यावर जगणे-मरणे ठरे. हे काम नामवंत सर्जनचे नसते. ते पट्टी बदलणाऱ्या पोराचे असते. पटकीचेही तसेच. पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. अशा रुग्णाजवळ बसून घोट घोट पाणी पाजायचे, त्याचे अंथरूण पुन्हा पुन्हा काढायचे आणि आपल्याला लागण होऊ नये म्हणून दर वेळी हात धुवायचे. कविसंमेलनात मिरवण्यासारखे यात काहीच नाही.

डॉ. अन्सारींची पत्रे ‘कॉम्रेड’मध्ये छापून येत आणि घरोघरी वाचली जात. पथक १९१३ च्या जुलैमध्ये परतले. डॉ. अन्सारी पुढे दिल्लीत मोठे नेते झाले, १९२७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण पेशावरचा तो अब्दुर रहमान परतला नाही. तो तुर्कस्तानातच राहिला, उस्मानी सैन्यात भरती झाला आणि पट्टी बांधणाऱ्या हातांनी गॅलिपोलीत बंदूक धरली. पुढे तो अंकारा सरकारचा प्रतिनिधी म्हणून काबूलला गेला आणि १९२५ मध्ये इस्तंबूलमध्ये मारेकऱ्यांनी त्याला दुसराच कोणी समजून गोळी घातली. जखमी माणसे रोज बघून कोणी युद्धाला कायमचा विटतो, तर कोणाला वाटते आता नुसत्या पट्टीने भागणार नाही. अब्दुर रहमानबद्दल आम्हाला आदर आहे. तरी त्याच्या तंबूतल्या महिन्यांविषयी फार थोडे लिहिले गेले आणि बंदुकीविषयी पुष्कळ, ही खंतही आहे.

दोनच वर्षांत चित्र उलटे झाले. पहिले महायुद्ध पेटले आणि हिंदी शिपाई इंग्रजांच्या बाजूने इराकमध्ये तुर्कांविरुद्ध उभे राहिले. त्यात सहावी पुणे डिव्हिजन होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, आणि या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. म्हणजे आपल्याच सातारा-कोल्हापूरकडची, कोकणातली माणसे. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे सलमान पाक इथे मोठी लढाई झाली. हजरत सलमान फारसी (रजि.) यांची कबर आहे तेच हे गाव. इंग्रजी फौजेचे चार हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले.

जखमींना मागे न्यायला रुग्णवाहिका जवळजवळ नव्हत्याच. मांडी मोडलेल्या, पोट फाटलेल्या शिपायांना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून खडबडीत वाटेने नदीपर्यंत आणले. तिथून बोटी. बसऱ्याला मेजर कार्टर नावाचे वैद्यकीय अधिकारी एका बोटीची वाट बघत उभे होते. बोट जवळ आली तेव्हा तिच्या बाजूंना दोर लोंबत असावेत असे त्यांना वाटले. ते दोर नव्हते. डेकवर उठता न येणाऱ्या माणसांची दिवसेंदिवसांची विष्ठा बाजूंनी ओघळून वाळली होती. आत जखमींची तीच गत होती. कार्टरने वरिष्ठांना हे जसेच्या तसे कळवले, तर त्यालाच नसती लुडबुड करणारा ठरवून अटकेची धमकी देण्यात आली. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि कार्टरचेच खरे ठरले. जखमींची सेवा करणाऱ्याला कधी कधी आपल्याच साहेबाशी लढावे लागते, हे त्यात कळते.

त्या जखमींना मुळात खेचरगाडीपर्यंत कोणी आणले? डोली आणि स्ट्रेचर उचलणाऱ्यांनी. त्यांच्या हाती शस्त्र नसे, पगार शिपायापेक्षा कमी, आणि गोळी मात्र तीच. स्मारकांवर त्यांची नावे शोधावी लागतात.

एकाचे नाव राहिले आहे, कारण त्याने लिहून ठेवले. बंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरचे शिशिर सर्बाधिकारी हे तरुण स्वयंसेवक सलमान पाकच्या लढाईत होते, मग कुतच्या वेढ्यात अडकले. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने कुत शरण गेले. तिथून वाळवंटातून कैद्यांची पायपीट सुरू झाली, तीत आणि पुढच्या कैदेत हजारो मेले. ज्यांनी त्यांना चालवत नेले ते मुसलमान होते, हे सांगताना आम्हाला संकोच वाटतो, पण लपवण्यात अर्थ नाही. सर्बाधिकारी जगले. रोजनिशीची पाने त्यांनी बुटात लपवून नेली. नंतर कैदी म्हणूनच त्यांनी तुर्कांच्या बाजूच्या रुग्णालयात काम केले. तिथे तुर्की शिपायांशी त्यांच्या गप्पा होत, आणि दोन्हीकडच्या गरिबांना पडलेला प्रश्न एकच असे की आपण एकमेकांचे काय बिघडवले होते म्हणून लढलो? कालचा शत्रू आज खाटेवर आहे आणि पाणी मागतो आहे, तेव्हा हा प्रश्न सुचतो. हाती बंदूक असताना सुचेलच असे नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मराठी घरांत सर्वांना माहीत आहेत. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. त्यांची कहाणी देशाला सांगणारे पुस्तक ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिले आणि त्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान या परिचारिका होत्या, हे मात्र फार थोड्यांना आठवते.

जखमी आणि त्याला उचलणारा या दोघांवर हत्यार चालवायचे नाही, हा नियम १८६४ च्या जिनिव्हा करारापासून राष्ट्रांनी लेखी मान्य केला. पांढऱ्यावर लाल क्रॉस ही त्याची खूण. तुर्कांनी १८७६ च्या सुमारास लाल चंद्रकोर घेतली. आपण रुग्णवाहिकांवर बघतो ती तीच. २३ मार्च २०२५ ला पहाटे गाझातल्या रफाहमध्ये ही चंद्रकोर असलेल्या रुग्णवाहिका जखमींना आणायला निघाल्या होत्या. पंधरा मदतसेवक मारले गेले. त्यांतले आठ पॅलेस्टाइन रेड क्रेसेंटचे. आठवड्याने त्यांचे मृतदेह वाळूत पुरलेले सापडले, जवळच चिरडलेली वाहने. गाड्या दिवे न लावता संशयास्पद रीतीने येत होत्या असे इस्रायली सैन्याने आधी सांगितले. मग मृतांपैकी एकाच्या फोनमध्ये चित्रण सापडले. त्यात दिवे चालू होते, लाल-निळे इशारेही चालू होते. सैन्याला आपले म्हणणे मागे घ्यावे लागले. तो तरुण त्या चित्रणात कलमा पढतो आहे आणि आईची माफी मागतो आहे, की मी हीच वाट निवडली होती, लोकांना मदत करण्याची.

आमच्या कार्यालयात हे चित्रण बघून सगळे गप्प झाले होते. कोणीतरी म्हणाले, असा मुलगा आपल्या घरी जन्मावा. त्याच आठवड्यात आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या घरी वेगळाच विषय चालला होता. बारावीला चांगले गुण होते, नर्सिंगला प्रवेश मिळत होता. चाचांचा विरोध. डॉक्टरकी असती तर गोष्ट वेगळी, म्हणाले. हे काय, रात्रपाळी करायची, परक्यांची उष्टीखरकटी काढायची, उद्या रिश्ता कोण देईल? मुलीच्या अब्बांना पटत नव्हते, पण भावापुढे बोलवेना. अशी घरे आपल्या वाचकांत एक-दोन नाहीत. आजारी पडल्यावर आपल्या आया-बहिणींसाठी बाई नर्सच हवी म्हणून आपण अडून बसतो, आणि ती दुसऱ्याच्या घरातून यावी अशी अपेक्षा करतो. मुलग्यांचेही तेच. वॉर्डबॉय, ड्रेसर, रुग्णवाहिकेवरचा माणूस म्हटले की नाके मुरडली जातात.

चाचांचे सगळेच म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. रात्रपाळीत मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, आणि खासगी ठिकाणी पगार तुटपुंजे असतात हेही खरे. त्यासाठी चौकशी करावी, महाविद्यालय आणि वसतिगृह नीट बघून घ्यावे, पगारासाठी भांडावे. पण त्या घरात चर्चा याची नव्हती. चर्चा इज्जतीची होती.

शेवटी त्या मुलीची दादी बोलली. शाळा न शिकलेली, कोकणातली बाई. जमातीतल्या बायकांच्या इज्तिमात तिने उम्मे सलीत (रजि.) यांच्या चादरीची गोष्ट ऐकली होती, तेवढीच तिने चाचांना सांगितली. मग विचारले, फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती? 

दिल्लीच्या जामिया हमदर्दमधल्या परिचर्या महाविद्यालयाला रुफैदा यांचे नाव दिलेले आहे, ही माहिती आम्ही त्या मुलीला दिली. तिला तिकडे पाठवणे घरच्यांना झेपणारे नव्हते. तिने आपल्याच जिल्ह्यात प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी पट्ट्यांचे प्रकार शिकवतात. सुट्टीत घरी आली की चाचांच्या मनगटावर सराव करते, असे दादी सांगत होत्या.